गोल्फ कार्टचे सैल स्टिअरिंग: दुरुस्ती करताना या चुका टाळा

खारघरच्या गोल्फ कोर्सवरची असो किंवा घोडबंदर रस्त्यालगतच्या संकुलात ज्येष्ठ रहिवाशांना फाटकापासून इमारतीपर्यंत सोडणारी असो, गोल्फ कार्टचे स्टिअरिंग सैल झाले की पहिला संशय स्टिअरिंग बॉक्सवर घेतला जातो आणि पहिली चूक तिथेच होते. स्टिअरिंगपासून पुढच्या चाकापर्यंत स्प्लाइन (दातेरी जोड), कॉलम (स्टिअरिंगखालचा दांडा), युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरणारा सांधा), रॅक-पिनियन (फिरण्याचे आडव्या सरकण्यात रूपांतर करणारी दातेरी जोडी, म्हणजेच स्टिअरिंग बॉक्स), टाय रॉड (रॅकपासून चाकाकडे जाणारा दांडा), किंगपिन (चाक ज्याभोवती वळते ती खीळ) आणि बेअरिंग अशी साखळी असते. प्रत्येक सांध्यात थोडाथोडा प्ले (ढिलेपणा) असला, तरी चालकाच्या हातापर्यंत येताना त्याची बेरीज झालेली असते. म्हणून काहीही उघडण्याआधी प्ले नेमका कुठे आहे, हे शोधावे.

त्यासाठी दोन माणसे आणि दहा मिनिटे पुरतात. टायरमधील हवा आधी तपासावी, कारण मऊ टायरमुळेही गाडी सैल भासते. मग किल्ली बंद करून, पार्किंग ब्रेक लावून आणि मागच्या चाकांना अडण देऊन, पुढची चाके जमिनीवरच असताना एकाने स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोटे ठेवून पाहावे. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे झीज आहे. स्टिअरिंग फिरूनही त्याखालचा दांडा जागचा हलत नसेल, तर वरची स्प्लाइन गेली आहे. अशा वेळी नट आवळून गाडी चालवत राहणे धोक्याचे आहे, कारण पुढे स्टिअरिंग नुसतेच गोल फिरू लागते.

यानंतर पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवावा. केवळ जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नये. चाक वर-खाली धरून हलवल्यावर हलत असेल, तर दोष किंगपिनच्या बुशमध्ये (खिळीभोवतीच्या नळीत) किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो. केवळ आडवे धरून हलवल्यावर हलत असेल, तर टाय रॉडच्या टोकांकडे किंवा रॅककडे पाहावे. मोटारींच्या मेकॅनिकची एक सवय इथे फसवते. मोटारीत कुणालातरी ब्रेक दाबायला सांगून बेअरिंगचा प्ले वेगळा ओळखता येतो, पण बहुतेक गोल्फ कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, त्यामुळे पुढच्या चाकावर त्या युक्तीचा उपयोग होत नाही. त्याऐवजी चाक हलवताना नकलकडे, म्हणजे किंगपिनवर वळणाऱ्या आणि चाक धरणाऱ्या भागाकडे, पाहावे. नकल स्थिर राहून चाकच हलत असेल तर बेअरिंग, आणि चाकाबरोबर नकलही हलत असेल तर किंगपिनची बुश झिजलेली आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रॅकचा समायोजन स्क्रू आवळून सगळा प्ले एकदम घालवणे. गाडी बहुतांश वेळ सरळ चालते, त्यामुळे रॅकचे मधले दात अधिक झिजतात आणि टोकांचे जवळपास जसेच्या तसे राहतात. मध्यावरचा सैलपणा जाईपर्यंत स्क्रू आवळला, की वळणावर रॅक अडकते, स्टिअरिंग जड होते आणि वळणानंतर सरळ येईनासे होते. सैल स्टिअरिंगपेक्षा अडकणारे स्टिअरिंग मला अधिक भयावह वाटते. अशी रॅक बदलणेच योग्य.

पावसाळ्यानंतर गाडी प्रेशरच्या पाण्याने धुण्याची हौसही सांध्यांना भोवते, कारण सांध्यांवरचे रबराचे बूट (आवरणे) फाटलेले असतील तर पाणी आत शिरते आणि ग्रीस बाहेर पडते. ग्रीस निप्पल असलेल्या किंगपिनमध्ये नवे ग्रीस भरावे, पण झिजलेली बुश ग्रीसने भरून येत नाही. काढलेली स्प्लिट पिन (नट सुटू न देणारी दुभंगी पिन) पुन्हा न वापरता नवी घालावी आणि टाय रॉडचा चेकनट (त्याचे माप पक्के करणारा नट) सर्वांत शेवटी, चाकांचे माप जुळवल्यावर आवळावा.

बाकी सगळे सांधे घट्ट झाल्यावरच टो-इन, म्हणजे पुढची चाके समोरून किती आत झुकली आहेत ते, मोजावे. आधी मोजलेले माप नंतर टिकत नाही. दोन्ही चाकांमधले पुढचे अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी असते. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा आणि चाचणी रिकाम्या पार्किंगमध्ये, हळू वेगात करावी.