विद्यापीठातील चार सत्रे कशी वापरावीत : पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

हा मजकूर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एखाद्या विभागात एम. ए. किंवा एम. एस्सी. ला नुकताच प्रवेश घेतलेल्या, त्यातही बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे. आधी तीन सत्रे परीक्षा द्याव्यात आणि नोकरीचा विचार चौथ्यात करावा, असे बहुतेक जण मनाशी धरून येतात. बरीच वर्षे विभागात शिकवताना या एका समजापायी हुशार मुलेमुली मागे पडलेली मी पाहिली आहेत. प्रत्येक सत्राअखेर वर्गाबाहेरचे एक पूर्ण झालेले काम आणि ते काम जवळून पाहिलेली एक जाणती व्यक्ती एवढे जरी हाताशी असले, तरी दोन वर्षांनी अर्ज भरताना लिहायला काही तरी असते आणि आपल्याविषयी सांगायला कोणी तरी असते. खालील सर्व सूचना या एका हेतूने दिल्या आहेत.

पहिले दोन आठवडे कागदपत्रांना द्यावेत. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र, शाळा-महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आणि पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असल्यास मायग्रेशन प्रमाणपत्र या सर्वांच्या स्वच्छ स्कॅन प्रती एका ठिकाणी ठेवाव्यात. महाडीबीटी पोर्टलवरील शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवसावर ढकलू नये. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर निर्वाहासाठी शासनाच्या वेगवेगळ्या योजना आहेत : अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम्, इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. आपण कोणत्या योजनेत बसतो ते विभागाच्या कार्यालयात विचारून लगेच ठरवावे. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी ग्रामीण भागातील गरजू मुलांसाठी सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांचीही चौकशी करावी. बाहेर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतील एका खाटेपुरते भाडे देऊन, राहायचे ठरले, तर डिपॉझिटची पावती लेखी घ्यावी आणि मेस लावताना खाडा (न जेवलेल्या दिवसांची वजावट) किती दिवसांचा धरतात हे आधीच विचारावे.

पैशांची ओढाताण असेल, आणि खरे तर नसली तरीही, कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजनेत नाव नोंदवावे. विद्यार्थी विकास मंडळामार्फत चालणाऱ्या या योजनेत दिवसाचे ठरावीक तास काम करून तासावर मानधन मिळते. काम कोठे मागावे, यात मात्र निवड करावी. ग्रंथालय, प्रयोगशाळा किंवा विभागाचे कार्यालय येथे काम मिळाले, तर पुस्तकांचे वर्गीकरण, नोंदवह्या, उपकरणांची देखभाल, पत्रव्यवहाराची पद्धत अशा गोष्टी सहज अंगवळणी पडतात आणि रोज भेटणारी माणसे आपल्याला नावाने ओळखू लागतात. पहिल्या सत्रातले पूर्ण झालेले काम म्हणून एवढे पुरेसे आहे.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. पहिल्याच महिन्यात विभागाच्या ग्रंथालयात किंवा जयकर ग्रंथालयात बसून आपल्या विषयातील जुन्या प्रबंधिका (पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध) आणि शोधप्रबंध काढावेत, आणि प्रत्येकातले ऋणनिर्देशाचे पान तेवढे वाचावे. हे पान सहसा कोणी वाचत नाही. परंतु आपल्याच विभागातील विद्यार्थ्याला पूर्वी कोणत्या संस्थेने दप्तर उघडून दिले, कोणत्या प्रयोगशाळेने नमुने तपासून दिले, कोणत्या ग्रंथपालांनी मदत केली, हे त्याच पानावर नोंदवलेले असते. दहा-पंधरा प्रबंधिका चाळल्या की तीच ती पाच-सहा नावे पुन्हा पुन्हा येऊ लागतात. ही नावे वहीत उतरवून घ्यावीत, आणि मूळ विद्यार्थ्याशी विभागामार्फत संपर्क होत असेल तर अवश्य करावा. पुण्यात आपल्याला दार कोठे उघडेल, याची इतकी खात्रीची यादी दुसरीकडे मिळत नाही.

ही यादी पुण्यात भरपूर लांब होते, हे या शहराचे मोठे देणे आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या आवारातच आयुका (आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र) आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे, डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये सुरू झालेल्या आयुकात विद्यार्थ्यांसाठी सुटीतील कार्यक्रम असतात. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण याच राष्ट्रीय केंद्राची, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तेथे भरणारे प्रदर्शन पाहण्यासाठी एक दिवस राखून ठेवावा. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आणि कोरेगाव पार्कात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. रसायनशास्त्राला पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, हवामानशास्त्राला तेथीलच उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९३० पासून चालत आलेल्या गोखले संस्थेचे ग्रंथालय पाहिल्याशिवाय प्रबंधिकेचा विषय पक्का करू नये. भाषा आणि प्राच्यविद्येच्या विद्यार्थ्यासाठी भांडारकर संस्थेतील अठ्ठावीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आणि डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चालू असलेले संस्कृत महाकोशाचे काम आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट नेहमी आग्रहाने सांगतो, ती म्हणजे मोडी शिका. पुणे पुरालेखागारातील पेशवे दप्तर आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातील कागद ज्याला स्वतः वाचता येतात, त्याचा प्रबंध दुसऱ्यांच्या पुस्तकांवर उभा राहत नाही. शिवाय मोडीला व्यवहारातही मागणी आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा जुनी महसुली दप्तरे वाचणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत लागली, आणि जमिनीच्या जुन्या व्यवहारांसाठी ती एरवीही लागतात. रोज एक तास दिला, तर काही महिन्यांत सुटसुटीत हाताचे पत्र वाचता येऊ लागते; घाईत लिहिलेला कागद उलगडायला मात्र वर्ष जाते.

यादीतील संस्थेला पत्र कसे लिहावे, हे शिकवणारी तासिका कोणत्याच अभ्यासक्रमात नसते, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. विद्यार्थ्यांची बहुतेक पत्रे ‘मला आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी द्यावी’ एवढ्यावर थांबतात. अशा पत्राला उत्तर देणे वाचणाऱ्याला अवघड जाते, कारण नेमके काय द्यायचे ते त्यात नसते. आपण कोण, संस्थेतील कोणते काम पाहिले किंवा वाचले, आपल्याला काय करता येते, किती दिवस आणि कोणत्या वेळी येता येईल, आणि आपल्याविषयी कोणाला विचारावे, या पाच गोष्टी दहा ओळींत याव्यात. उदाहरणार्थ : ‘सप्रेम नमस्कार. मी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात एम. एस्सी. च्या पहिल्या वर्षात शिकते. पश्चिम घाटातील गवतांवरचा आपला लेख मी वाचला. नमुने वाळवणे, चिकटवणे आणि त्यांची नोंद संगणकात करणे ही कामे मला येतात. डिसेंबरमधील सुटीत चार आठवडे, रोज पूर्ण वेळ, आपल्या वनस्पतिसंग्रहात मी विनामानधन काम करू इच्छिते. माझ्या मार्गदर्शकांचे नाव व दूरध्वनी खाली दिला आहे. येत्या आठवड्यात आपण सांगाल त्या वेळी दहा मिनिटे भेटता येईल का?’ पत्र मराठीत चालेल की इंग्रजीत पाठवावे, हे संस्थेचा नेहमीचा व्यवहार पाहून ठरवावे. मजकूर दोन्हींत एवढाच असावा. ज्यांचे नाव द्यायचे त्या मार्गदर्शकांची परवानगी आधी घ्यावी. आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही, तर एकदा विनम्र आठवण करावी आणि त्यानंतर यादीतील पुढच्या नावाकडे वळावे. उत्तर न येणे हा आपला अपमान समजू नये, कारण तेथील माणसे खरोखर कामात असतात.

अंबाजोगाईकडून आलेल्या एका विद्यार्थिनीने असेच पत्र लिहून एका वनस्पतिसंग्रहात चार आठवडे काम केले. पहिले दोन आठवडे तिच्या वाट्याला जुनी लेबले पुसट होण्यापूर्वी उतरवून घेणे एवढेच आले, आणि त्याबद्दल ती नाराजही होती. पण त्या लेबलांवरची गावांची नावे तिच्या ओळखीची निघाली, आणि बालाघाटच्या डोंगरांतील नोंदी किती विरळ आहेत हे तिला तेथेच लक्षात आले. पुढे तिच्या प्रबंधिकेचा विषय त्यातून ठरला.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात ४ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प ठेवलेला आहे. तासांत मोजले तर ते साधारण १२० तासांचे काम होते. अनेक जण ओळखीच्या दुकानातून किंवा कार्यालयातून प्रमाणपत्र आणून हे श्रेयांक मिळवतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण १२० तास हा लहान अवधी नाही. पहिल्या सत्रातच पत्रे गेली असतील, तर दुसऱ्या सत्रात हे तास योग्य ठिकाणी लागतात. तेथे रोजनिशी ठेवावी : तारीख, केलेले काम, शिकलेली गोष्ट, न कळलेली गोष्ट. मुलाखतीत ‘तेथे तुम्ही नेमके काय केले?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि रोजनिशी ठेवलेला विद्यार्थी त्याचे उत्तर तपशिलाने देतो.

कंपन्यांकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हिंजवडी, खराडी आणि चाकण ही नावे नवी नाहीत, मात्र कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तेथील एक वाट लक्षात घ्यावी. या परिसरात जर्मन आणि जपानी कंपन्या बऱ्याच आहेत, आणि भाषा जाणणारी माणसे त्यांना लागतात. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागाचे वर्ग चालतात. जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा पुण्यात जुलै आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते; तिची एन-५ ही पायरी सर्वांत सोपी आणि एन-१ सर्वांत अवघड. नोकरीच्या दृष्टीने एन-३ गाठण्याआधी थांबून उपयोग नाही, म्हणून सुरुवात पहिल्या सत्रातच करावी.

स्पर्धा परीक्षेविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. सदाशिव आणि नारायण पेठेतील अभ्यासिकांमध्ये विशी-तिशीची सर्व वर्षे घालवलेली मुले मला भेटतात. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे, म्हणूनच सांगतो की प्रयत्नांची संख्या पहिल्या प्रयत्नाआधी ठरवावी, ती घरी सांगावी आणि कागदावर लिहून ठेवावी. पदव्युत्तर अभ्यासक्रमाला केवळ वसतिगृहाच्या जागेसाठी प्रवेश घेऊन वर्गाकडे पाठ फिरवू नये. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली असल्यामुळे, वर्गात मन लावून लिहिलेली उत्तरे आणि निबंध तेथेही कामी येतात. तयारीच्या साहाय्यासाठी अनुसूचित जातींसाठीची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठीची सारथी, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांची कार्यालये पुण्यातच आहेत, आणि विद्यापीठाचे स्वतःचे स्पर्धा परीक्षा केंद्रही आहे.

अध्यापनाकडे जायचे असेल तर तिसऱ्या सत्रापासून नेट (राष्ट्रीय) आणि सेट (राज्यस्तरीय) या पात्रता परीक्षांचा अभ्यास सुरू करावा. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा आपलेच विद्यापीठ घेते : पहिली प्रश्नपत्रिका ५० प्रश्नांची, दुसरी आपल्या विषयाची १०० प्रश्नांची, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. सेटने सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, पण शिष्यवृत्ती मिळत नाही. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसाठी नेटच द्यावी लागते. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. घरची परिस्थिती बेताची असणाऱ्याला संशोधनाकडे नेणारी ही सर्वांत भक्कम वाट आहे.

नाटक करणाऱ्यांनी ते सोडू नये. पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी महिनाभर तालमी सांभाळलेला विद्यार्थी वेळ, माणसे आणि खर्च तिन्ही गोष्टी हाताळायला शिकलेला असतो. ते अर्जात लिहावे, आणि आपण अभिनय केला, प्रकाशयोजना केली की हिशेब ठेवला, तेही नेमके लिहावे.

चौथ्या सत्रात नवे काही अंगावर घेऊ नये. प्रबंधिका वेळेत पुरी करावी, ज्यांच्याकडे काम केले त्यांच्याकडून शिफारसपत्रे मागावीत, आणि ती मागताना आपण काय काम केले याची अर्ध्या पानाची टिपणी सोबत द्यावी, म्हणजे त्यांनाही तपशिलाने लिहिता येते. ग्रंथालय आणि वसतिगृहाचे ना-देय दाखले गाव गाठण्यापूर्वी घ्यावेत. नंतर एका सहीसाठी पुण्याची खेप पडते. प्रबंधिकेची एक बांधीव प्रत ज्या संस्थेत काम केले तेथे स्वतः जाऊन द्यावी. तिच्या ऋणनिर्देशात मदत केलेल्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, पद आणि संस्थेतील विभाग लिहावा, कारण पुढच्या जुलैत कोणी तरी नवा विद्यार्थी विभागाच्या ग्रंथालयात ते पान उघडून बसलेला असेल.