परदेशात क्रेडिट कार्ड वापरताना: स्थानिक चलन निवडा, जादा शुल्क टाळा

परदेशातून परत आल्यावर क्रेडिट कार्डाचे विवरणपत्र हाती येते, तेव्हा खरेदीच्या नोंदींच्या अधेमधे काही लहान रकमा दिसतात. कुठे ४२० रुपये, तर कुठे ७५ रुपये ६० पैसे. असा खर्च केल्याचे घरात कोणालाच आठवत नाही, कारण तो आपण केलेलाच नसतो. परकीय चलनातील व्यवहारावर बँक जे शुल्क लावते, ज्याला ‘फॉरेक्स मार्कअप’ म्हणतात, ते हे शुल्क आणि त्यावरचा जीएसटी. भारतातल्या बहुतेक सर्वसाधारण क्रेडिट कार्डांवर हा मार्कअप ३.५ टक्के असतो, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की एकूण बोजा ४.१३ टक्क्यांवर जातो. म्हणजेच सहलीत कार्डावर दोन लाख रुपये खर्च करणाऱ्या कुटुंबाचे ८,२६० रुपये केवळ चलन बदलण्यापोटी जातात. यातला मोठा भाग वाचवता येतो. त्यासाठी एक निर्णय घरी बसून शांतपणे घ्यावा लागतो आणि दुसरा परदेशातल्या गल्ल्यासमोर, काही क्षणांत.

निघण्यापूर्वीची तयारी

सर्वप्रथम आपल्याकडच्या प्रत्येक कार्डाचे शुल्कपत्रक काढून त्यातला परकीय चलनाच्या व्यवहारांविषयीचा रकाना वाचावा. बँकेच्या संकेतस्थळावर हे पत्रक असते. एकाच बँकेच्या दोन कार्डांवर मार्कअप वेगवेगळा असू शकतो, त्यामुळे ‘माझी बँक इतके घेते’ असे गृहीत धरू नये. वरच्या श्रेणीतल्या अनेक कार्डांवर तो दोन टक्क्यांच्या आसपास असतो, आणि गेल्या काही वर्षांत शून्य मार्कअपची कार्डेही बाजारात आली आहेत. त्यांतली काही मुदत ठेवीच्या तारणावर मिळतात, त्यामुळे नियमित पगाराची पावती नसलेल्या निवृत्त व्यक्तींना आणि विद्यार्थ्यांनाही ती घेता येतात. मात्र कार्डाची वार्षिक वर्गणी आणि आपला अपेक्षित परदेशी खर्च यांचा हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा. वर्षातून एकदा ५० हजार रुपये खर्च करणाऱ्याची बचत सुमारे दोन हजार रुपये होते, तेव्हा त्याहून अधिक वर्गणीचे कार्ड केवळ या कारणासाठी घेण्यात अर्थ नाही. रिवॉर्ड पॉइंटांची भुरळही अशीच तपासून पाहावी. शंभर रुपयांमागे एक-दीड रुपयाचे पॉइंट देणारे कार्ड ४.१३ रुपये कापून घेत असेल, तर तो सौदा तोट्याचाच आहे.

योग्य कार्ड हाती असले तरी ते परदेशात चालेलच असे नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या नियमानुसार नवे कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानांतल्या मशीनवर चालते. परदेशी वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो. बँकेच्या ॲपमध्ये दुकानातला वापर, ऑनलाइन वापर, टॅप करून पैसे देणे आणि एटीएममधून रोख काढणे यांचे पर्याय वेगवेगळे दिलेले असतात. यांतले रोख काढण्याचे बटण बंद ठेवावे आणि बाकीच्यांना आपल्या गरजेपुरती मर्यादा घालावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कार्ड चोरीला गेले, तर नुकसान त्या मर्यादेच्या आतच राहते.

पिन लक्षात आहे ना, हे घराजवळच्या दुकानात एकदा वापरून पाहावे. युरोपातल्या रेल्वे स्थानकांवरची तिकीट यंत्रे आणि माणूस नसलेले पेट्रोल पंप पिन मागतात, आणि तिथे मदतीला कोणी नसते. बँकेकडे नोंदवलेला मोबाइल क्रमांक परदेशात चालू राहील, निदान ओटीपीचा संदेश येईल, इतपत रोमिंगची व्यवस्था करावी. कार्डे दोन न्यावीत, शक्यतो वेगवेगळ्या नेटवर्कची, आणि ती एका पाकिटात कधीही ठेवू नयेत. व्हिसा आणि मास्टरकार्ड जवळपास सर्वत्र चालतात. रुपेचे आंतरराष्ट्रीय कार्ड डिस्कव्हर, डायनर्स क्लब आणि जेसीबी यांच्या जाळ्यावर चालते, त्यामुळे ते एकटे पुरेल असे समजू नये. नेपाळ आणि भूतानचा मामला वेगळा आहे. भारतीय कार्डांच्या मागे, या दोन देशांत परकीय चलनातील व्यवहारांसाठी कार्ड वैध नाही, अशी बारीक अक्षरांतली ओळ अनेकांनी पाहिली असेल. तिथे जाताना भारतीय रुपयांची सोय आधी विचारून घ्यावी.

मशीनवर दोन चलने दिसतात तेव्हा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका हॉटेलातून आम्ही सकाळी लवकर निघत होतो. टॅक्सी दाराशी उभी होती, सामान अर्धे बाहेर गेले होते. स्वागतकक्षातल्या बाईंनी कार्ड मशीन माझ्यासमोर धरले. पडद्यावर दोन ओळी होत्या: वर रुपयांतली रक्कम, खाली युरोतली. ‘तुमच्या चलनातच करते, म्हणजे तुम्हाला नेमका आकडा कळेल,’ असे त्या हसून म्हणाल्या, आणि मला ते सोयीचेच वाटले. विमानात बसल्यावर पावती नीट पाहिली. मशीनवरचा दर त्या दिवशीच्या बाजारदरापेक्षा युरोमागे जवळपास पाच रुपयांनी अधिक होता, आणि त्याखाली छापले होते की ग्राहकाला चलनाची निवड देण्यात आली होती व त्याने रुपये निवडले. त्या ओळीखाली सही माझीच होती, त्यामुळे तक्रार करायला जागाच उरली नव्हती.

या पद्धतीला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणजे जागच्या जागी चलन बदलणे म्हणतात. इथे दर व्हिसा किंवा मास्टरकार्ड ठरवत नाही. दुकानदाराची बँक किंवा तिने नेमलेली कंपनी तो ठरवते, त्यात आपला नफा मिळवते आणि त्यातला वाटा बहुधा दुकानदारालाही देते. म्हणूनच गल्ल्यावरचा माणूस आपल्याला रुपयांकडे वळवू पाहतो. यावर कडी म्हणजे रुपयांत व्यवहार झाला तरी आपली भारतातली बँक गप्प बसत नाही. दुकानदार परदेशातला असल्यामुळे अनेक बँका अशा व्यवहारावर साधारण एक टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी वेगळा लावतात.

हिशेब सोपा व्हावा म्हणून एक युरो म्हणजे १०० रुपये धरू. १२० युरोंचे बिल युरोतच दिले, तर मूळ रक्कम १२,००० रुपये, मार्कअप ४२० रुपये आणि जीएसटी ७५ रुपये ६० पैसे, म्हणजे एकूण १२,४९५ रुपये ६० पैसे होतात. शून्य मार्कअपच्या कार्डावर हेच बिल १२,००० रुपयांत भागते. आता तेच बिल मशीनने युरोमागे १०५ रुपये लावून रुपयांत केले, तर १२,६०० रुपये, त्यावर एक टक्का म्हणजे १२६ रुपये आणि जीएसटीचे २२ रुपये ६८ पैसे मिळून १२,७४८ रुपये ६८ पैसे होतात. शून्य मार्कअपचे कार्ड जवळ असूनही त्या एका बटणापायी सुमारे साडेसातशे रुपये जातात, कारण कार्डाची सवलत परकीय चलनातल्या व्यवहाराला आहे आणि हा व्यवहार रुपयांत झालेला असतो.

तेव्हा ज्या देशात आहोत त्याच देशाचे चलन निवडावे: फ्रान्समध्ये युरो, थायलंडमध्ये बाट, जपानमध्ये येन. मशीन आपल्या हातात घ्यावे, पडद्यावरचा मजकूर वाचावा आणि मगच पिन टाकावा. अनेकदा रुपयांचा पर्याय हिरव्या बटणावर असतो, त्यामुळे सवयीने हिरवे बटण दाबू नये. दुकानदाराने न विचारता रुपये निवडले असतील, तर दुकान सोडण्यापूर्वीच व्यवहार रद्द करून पुन्हा स्थानिक चलनात करायला सांगावे. हे सांगताना संकोच बाळगण्याचे कारण नाही, चलन निवडणे हा ग्राहकाचा हक्क आहे. अमेरिकेहून किंवा इंग्लंडहून घरी येणाऱ्या आपल्या नातेवाइकांनाही हेच लागू पडते. पुण्यातल्या दुकानात त्यांच्या कार्डावर डॉलर किंवा पौंडांचा पर्याय आला, तर त्यांनी रुपयेच निवडावेत.

घरबसल्या केलेल्या आरक्षणातही हा खर्च लपलेला असू शकतो. संकेतस्थळ रुपयांत किंमत दाखवते, पण पैसे स्वीकारणारी कंपनी परदेशात नोंदलेली असते, आणि मग तेच एक टक्का शुल्क विवरणपत्रात उमटते.

दर, राखून ठेवलेली रक्कम आणि परतावा

व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या संकेतस्थळांवर दर मोजण्याची सोय आहे. तिथे आपल्या बँकेचा मार्कअप भरला की अंदाजे रक्कम कळते. मात्र अंतिम दर कार्ड टॅप केल्याच्या क्षणाचा नसतो. व्यवहार पुढे एक-दोन दिवसांनी पक्का होतो, आणि दर त्या वेळचा लागतो. त्यामुळे संदेशातली रक्कम आणि विवरणपत्रातली रक्कम यांत थोडा फरक पडला, तर घाबरून जाऊ नये.

हॉटेले आणि गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्या अनामत म्हणून काही रक्कम कार्डावर अडवून ठेवतात. ती खर्च झालेली नसते, पण कार्डाची मर्यादा तेवढ्याने कमी होते आणि मोकळी व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. कमी मर्यादेच्या कार्डावर अनामत देऊन बसले, की रात्रीच्या जेवणाचे बिल अडते. म्हणून अनामतीसाठी एक कार्ड आणि रोजच्या खर्चासाठी दुसरे, अशी विभागणी ठेवावी. वस्तू परत केली तर परतावा त्या दिवसाच्या दराने येतो, आणि आधी कापलेला मार्कअप परत मिळेलच असे नाही.

रोख रकमेसाठी क्रेडिट कार्ड नको

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढणे हा सर्वांत महाग मार्ग आहे. रोख काढण्याचे शुल्क, मार्कअप, दोन्हींवर जीएसटी आणि तिथल्या एटीएमचे स्वतःचे शुल्क असे सगळे एकावर एक चढते. थायलंडमध्ये तर परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० बाट किंवा त्याहून अधिक शुल्क एटीएमच घेते. शिवाय खरेदीला मिळते तशी व्याजमुक्त मुदत रोख रकमेला मिळत नाही. पैसे काढले त्या दिवसापासून व्याज सुरू होते, आणि ते महिन्याला साधारण साडेतीन टक्क्यांच्या घरात असते.

रोख रकमेसाठी फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवलेले कार्ड बरे, तेही त्याच देशाच्या चलनात भरलेले. डॉलर भरलेले कार्ड युरोपात वापरले, तर त्यावरही दुसऱ्या चलनाचे शुल्क बसते. फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे, एका व्यक्तीला वर्षाला परदेशी नेता-पाठवता येणाऱ्या अडीच लाख डॉलरांच्या मर्यादेत मोजले जातात, आणि १ एप्रिल २०२५ पासून प्रवासासाठी अशी एकूण रक्कम आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांच्या पुढे गेली, तर वरच्या भागावर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, भरावा लागतो. हा कर प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, तरी पैसे तोवर अडकतात. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च या मर्यादेत धरण्याचे सरकारने मे २०२३ मध्ये ठरवले होते, पण जूनच्या अखेरीस तो निर्णय पुढे ढकलला.

परत आल्यावर

विमानतळावरून घरी पोहोचलात की त्याच संध्याकाळी ॲपमधला परदेशी वापर बंद करावा. पावत्या विवरणपत्र येईपर्यंत फेकू नयेत. प्रत्येक नोंद पावतीशी ताडून पाहावी, एकच रक्कम दोनदा लागली आहे का, स्थानिक चलन निवडलेले असताना नोंद रुपयांत आली आहे का, हे तपासावे. ओळखीची नसलेली नोंद दिसली, तर महिनाअखेरीची वाट पाहू नये. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणी केलेला गैरव्यवहार, बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवला, तर त्याचा भार ग्राहकावर येत नाही. कार्ड ॲपमधून तत्काळ बंद करावे, तक्रार लेखी नोंदवावी आणि तिचा क्रमांक पावत्यांच्या त्याच पाकिटावर लिहून ठेवावा.