आधी बेसमेंट, मग किचन : न्यू जर्सीत पहिलं घर घेताना

आमच्या ओळखीतल्या कितीतरी नवीन जोडप्यांबरोबर मी घरं बघत फिरले आहे. एडिसन, साउथ ब्रन्सविक, हिल्सबरो, मन्रो. शनिवार-रविवारची ओपन हाउसेस, दाराशी काढलेल्या बुटांचा ढीग. आत गेलं की सगळे आधी किचनकडे वळतात. ग्रॅनाइटवरून हात फिरतो, व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या सासूबाईंना कपाटं उघडून दाखवली जातात, आणि बेसमेंटच्या जिन्याकडे वळेपर्यंत मनातून घर घेऊन झालेलं असतं. म्हणून मी दारातच सांगते, आधी खाली चला.

आपल्याकडे फ्लॅट घेताना बिल्डर कोण, कार्पेट एरिया किती, पझेशन कधी, एवढं बघितलं की बरंचसं काम होतं. गच्ची, पाण्याची टाकी, गटार सोसायटी बघते. इथलं घर लाकडी सांगाड्याचं, बऱ्याचदा चाळीस-पन्नास वर्षं जुनं, आणि छपरापासून रस्त्याखालच्या गटाराला जोडणाऱ्या पाइपापर्यंत सगळं तुमचं एकट्याचं. किचन दहा वर्षांनी बदलता येतं. जमिनीचा उतार, पाण्याची वाट, टाउनशिप (म्हणजे इथली नगरपालिका) आणि टॅक्स बदलता येत नाहीत. माझ्या दृष्टीने 'हे घर नको' म्हणायची कारणं या दुसऱ्या यादीतून यायला हवीत. प्रत्यक्षात लोक कार्पेटच्या रंगावरून चांगलं घर सोडतात आणि ओल आलेल्या घरावर ऑफर टाकतात.

बेसमेंटमध्ये उतरल्यावर बोलू नका, आधी वास घ्या. कुबट वास आला किंवा कोपऱ्यात हवेतली ओल ओढणारा डीह्युमिडिफायर घरघरत असला, तर का ते विचारा. मग भिंतीच्या तळाशी वाका. काँक्रीटच्या ब्लॉकवर पांढरी, मिठासारखी पूड दिसली तर त्या भिंतीतून पाणी झिरपतंय. फक्त खालच्या दोन फुटांनाच ताजा रंग असेल तर तो कशासाठी दिलाय, हेही विचारा. वॉटर हीटरच्या पायांकडे बघा, तिथे गंजाची रेघ असेल तर पाणी कुठवर चढलं होतं ते तीच सांगते. उभी बारीक भेग बहुतेक जुन्या घरांत असते, तिला घाबरू नका. आडवी भेग आणि आत फुगलेली भिंत दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे मी अनुभवाने सांगते आहे. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस आला. आमचं घर पूररेषेत नाही, जवळ नदी नाही. पण वीज गेली, बेसमेंटखाली साचणारं पाणी उपसणारा संप पंप थांबला आणि सकाळपर्यंत बेसमेंटमध्ये गुडघाभर पाणी होतं. लग्नाचे अल्बम, मुलांची बालवाडीपासूनची चित्रं, आईने येताना आणलेली हार्मोनियम, सगळं त्यात तरंगत होतं. साध्या होम इन्शुरन्समध्ये पूर धरत नाहीत, आणि संप पंप बंद पडून आलेल्या पाण्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते. ती आम्ही घेतलेली नव्हती. तुम्ही घ्या, आणि पंपाला बॅटरी बॅकअप लावून घ्या. त्या वादळात या राज्यात ३० माणसं गेली. रॅरिटन नदीकाठच्या मॅनव्हिलमध्ये १९९९ चं फ्लॉइड, २०११ चं आयरीन आणि मग आयडा, असं तीनदा घराघरांत पाणी शिरलं. अशा ठिकाणचं घर शेजारच्या गावापेक्षा स्वस्त दिसतं, त्यामागे हे असतं. २०२४ पासून न्यू जर्सीत विकणाऱ्याला पुराची माहिती लेखी द्यावी लागते. तो कागद नीट वाचा, फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती संस्थेचा पूरनकाशा स्वतः उघडून बघा, आणि शेजाऱ्याला विचारा. शेजारी खरं सांगतात.

जुन्या घराबाबत आणखी एक गोष्ट आपल्याला माहीतच नसते, ती म्हणजे जमिनीत पुरलेली तेलाची टाकी. पूर्वी इथे घरं तेलावर गरम करत. पुढे गॅस आला, पण टाकी कित्येक ठिकाणी अंगणाखाली तशीच राहिली. घराबाहेर भिंतीलगत जमिनीतून वर आलेले दोन लोखंडी पाइप, किंवा बेसमेंटमध्ये कापून चेपलेली तांब्याची बारीक नळी दिसली, तर समजून घ्या. टँक स्वीप, म्हणजे यंत्राने अंगणाखाली टाकी आहे का ते शोधणं, काही शे डॉलरमध्ये होतो. टाकी गळून माती खराब झाली असेल तर ती साफ करायचा खर्च सहज हजारो डॉलरमध्ये जातो आणि तो मालकाच्या गळ्यात पडतो. टाकी निघाली तर काढण्याचा खर्च आणि जबाबदारी विकणाऱ्याची, हे लेखी ठरेपर्यंत मी कोणालाही सही करू देत नाही. रेडॉनचं, म्हणजे जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सारी वायूचं, उलट आहे. चाचणीत चार पिकोक्युरीच्या वर आकडा आला की लोक घाबरून घर सोडतात. एक पाइप आणि एक पंखा बसवून तो आटोक्यात येतो. विकणाऱ्याकडून ते करून घ्या आणि पुढे चला.

प्रॉपर्टी टॅक्स घराच्या किमतीइतकाच गांभीर्याने घ्या. २०२४ मध्ये या राज्यातली सरासरी वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेली, आणि कर्ज फिटल्यावरही हा टॅक्स चालूच राहतो. समजा, एकाच किमतीची दोन घरं आहेत, एकाला ९,००० आणि दुसऱ्याला १५,००० टॅक्स. महिन्याला ५०० डॉलरचा फरक. साडेसहा टक्क्यांच्या ३० वर्षांच्या कर्जात तो जवळपास ८०,००० डॉलर जास्त कर्ज घेतल्यासारखा आहे. नवीन बांधकामात तर दाखवलेला टॅक्स कधीकधी नुसत्या जमिनीचा असतो, घराची आकारणी मागाहून येते. टाउनशिपच्या असेसरला, म्हणजे घराची आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करा, ते सांगतात.

शाळांसाठी पत्त्यावर विसंबू नका. पोस्टाचा पत्ता प्रिन्स्टनचा असला तरी घर साउथ ब्रन्सविक, प्लेन्सबरो किंवा मॉन्टगोमेरीत असू शकतं, आणि शाळा त्या त्या गावाची मिळते. टॅक्सच्या नोंदीत कोणती टाउनशिप लिहिली आहे ते बघा, मग शाळेच्या ऑफिसात घराचा नंबर सांगून खात्री करा.

आता आपल्या खास अपेक्षा. यात काहीजण संकोचतात, एजंटला सांगत नाहीत. सांगा. आई-बाबा सहा-सहा महिने येऊन राहणार असतील तर खालच्या मजल्यावर एक खोली आणि आंघोळीची सोय असलेली बाथरूम, ही चैन नव्हे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून चारदा जिना चढायला लावणं बरं नाही. तसाच फूटपाथ. सुंदर घर, मोठं अंगण, पण रस्त्याला फूटपाथ नाही, अशा घरात आलेल्या आई-बाबांचे सहा महिने खिडकीशी बसून जातात. ते मी फार जवळून बघितलं आहे. माझ्या यादीत फूटपाथ ग्रॅनाइटच्या कितीतरी वर आहे.

फोडणीचाही विचार करा. शेगडीवरच्या मायक्रोवेव्हमधला पंखा पुष्कळ घरांत धूर बाहेर टाकत नाही, गाळून परत किचनमध्येच सोडतो. मोहरी तडतडली की स्मोक अलार्म वाजतो आणि मिरचीचा ठसका वरच्या बेडरूमपर्यंत जातो. वरचं कपाट उघडा, आत धातूचा डक्ट दिसला तर तो बहुधा बाहेर जातो. बाहेरच्या भिंतीवर त्याचं झाकणही शोधा. नसेल तर तो बसवता येईल का, म्हणजे शेगडी बाहेरच्या भिंतीला लागून आहे का, ते बघा.

वास्तू मानत असाल तर पहिल्याच भेटीत एजंटला सांगा की दार अमुक दिशेलाच हवं, म्हणजे बाकीची घरं बघण्यात कोणाचा वेळ जाणार नाही. मानत नसाल पण घरचे मानत असतील, तर ते बोलणं ऑफर देण्याआधी घरात करून घ्या. सह्या झाल्यावर दिशेवरून माघार घेतलेली मी पाहिली आहे. विकणाऱ्याचे आणि तुमचे, दोघांचे दिवस वाया जातात. शिवाय इथे बर्फ पडतो हे हिशेबात धरा. उत्तरेकडच्या उतरत्या ड्राइव्हवेवर ऊन पोचत नाही, बर्फ दिवसेंदिवस तसाच राहतो. आपल्याकडे मानाचा असलेला कॉर्नर प्लॉट इथे दोन्ही बाजूंचा फूटपाथ साफ करायला लावतो.

व्हिसाबद्दल अगदी मनापासून सांगते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि नोकरी गेली तर दुसरी सोय करायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. बँक दोघांच्या पगारावर जेवढं कर्ज देते तेवढं घेऊ नका. हप्ता, टॅक्स, इन्शुरन्स मिळून एका पगारात बसलं पाहिजे. टाउनहाउस घेत असाल तर एचओएच्या (आपल्याकडच्या सोसायटीसारखी घरमालकांची संघटना) नियमांत घर भाड्याने द्यायला मर्यादा आहे का, ते आधी वाचा. परत जावं लागलं तर त्या एका ओळीवर सगळं अवलंबून असेल. एचओएच्या गंगाजळीत किती पैसे आहेत तेही विचारा. ती रिकामी असेल तर छपरांची वर्गणी उद्या तुमच्याकडेच मागतील.

कागदपत्रांचं थोडक्यात. ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवायच्या आधी एजंट तुमच्याशी लेखी करार करतो. त्यात मुदत आणि कमिशन वाचा, पहिल्यांदा कमी मुदतीचाच करा. सह्या झाल्यावर न्यू जर्सीत तीन कामकाजाचे दिवस अटर्नी रिव्ह्यूचे, म्हणजे वकिलाने करार तपासायचे, असतात, त्यात कोणत्याही बाजूचा वकील करार मोडू शकतो. म्हणून वकील आधीच ठरवून ठेवा आणि हे दिवस संपेपर्यंत कोणाला पेढे देऊ नका. इन्स्पेक्शन, म्हणजे घराची तज्ज्ञाकडून तपासणी, मात्र कितीही स्पर्धा असली तरी सोडू नका. 'ॲज इज', म्हणजे आहे त्या स्थितीत विकायला काढलेल्या घरालाही इन्स्पेक्शन करता येतं. इन्स्पेक्टरबरोबर स्वतः फिरा, आणि जुनं घर असेल तर गटाराच्या पाइपात कॅमेरा घालायला सांगा. झाडांची मुळं तिथेच शिरतात.

ऑफर देण्याआधी त्या घराकडे आणखी दोनदा जा. एकदा सकाळी साडेसहाला, जिथून ट्रेन पकडणार त्या स्टेशनपर्यंत गाडी चालवून, पार्किंग परमिटची प्रतीक्षायादी किती लांब आहे ते विचारून या. दुसऱ्यांदा जोराचा पाऊस चालू असताना जा. छत्री घेऊन घराभोवती चालत फिरा, पन्हळीचं पाणी भिंतीपाशी साचतं की लांब जातं ते बघा, आणि दार उघडून दिलं तर परत एकदा खाली बेसमेंटमध्ये उतरा.