घर शहरात की उपनगरात? आधी येण्याजाण्याचा हिशेब

जाहिरातीत 'स्टेशनपासून दहा मिनिटे' असे लिहिलेले असते, ते बहुधा मोकळ्या रस्त्यावर गाडीने. आपल्याला हवी असते दारापासून दारापर्यंतची वेळ. त्यात लिफ्ट, थांब्यापर्यंतची चाल, वाट पाहणे, गाडी बदलणे आणि उतरल्यावरची पायपीट असे सगळे आले.

घर पसंत करण्याआधी मंगळवार ते गुरुवारपैकी दोन दिवस नेहमीच्या वेळेला त्या वाटेने जाऊन या आणि संध्याकाळी परतूनही पाहा. बरेच जण फक्त सकाळची वेळ मोजतात, पण संध्याकाळी चित्र वेगळे असू शकते. नकाशाच्या ॲपने '४० ते ६५ मिनिटे' दाखवले तर ६५ धरा, कारण ऑफिसला वेळेवर पोहोचायचे तर घरून त्याच हिशेबाने निघावे लागते.

गाडी किती वेगाने जाते त्यापेक्षा ती किती वेळाने येते हे आधी बघा. दर पाच मिनिटांनी येणारी चुकली तर फारसे बिघडत नाही. अर्ध्या तासाने येणारी चुकली की सकाळ गेलीच. वाटेत गाडी बदलायची असेल तर आणखी सावध राहा. दोन्ही गाड्या दहापैकी नऊ वेळा वेळेवर असल्या तरी दोन्ही एकाच दिवशी वेळेवर असण्याची शक्यता ८१ टक्केच उरते. म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात साधारण एक दिवस खोळंबा. त्यामुळे बदली करून ४० मिनिटांपेक्षा थेट ५० मिनिटे बरी. रात्रीची शेवटची गाडी कितीची, हेही आत्ताच पाहून ठेवा.

आता पैसे. महिन्याचा हातात येणारा पगार १०० भाग धरा. समजा शहरात भाडे ३५ भाग आणि उपनगरात २२. भाड्यात १३ वाचले, पण प्रवासखर्च ३ वरून ९ झाला, तर निव्वळ बचत ७. एका वेळेला ४५ मिनिटे जास्त लागत असतील तर महिन्यातल्या कामाच्या २२ दिवसांत जाऊन-येऊन ३३ तास जादा जातात. म्हणजे त्या प्रत्येक तासाचे ०.२१ भाग मिळाले. रोज आठ तास धरले तर नोकरीत तासाला ०.५७ भाग मिळतात. म्हणजे आपला तास आपण निम्म्याहून कमी भावाने विकतो आहोत.

हाच हिशेब महिन्यात नऊच दिवस ऑफिसला जाणाऱ्यासाठी उलटतो. जादा तास १३.५, जादा प्रवासखर्च सुमारे २.५ आणि बचत १०.५, तासाला ०.७८ भाग. (मासिक पास काढावाच लागत असेल तर खर्च असा घटत नाही.) म्हणून ऑफिसला किती दिवस जायचे हे कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी सवलतीच्या भरवशावर लांब घर घेऊ नका.

प्रवासखर्च मोजताना माणसे इंधनावरच थांबतात. विमा, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग, टोल आणि दरवर्षी उतरणारी गाडीची किंमत धरा. उपनगरात जाऊन दुसरी गाडी घ्यावी लागली, तर भाड्यातली बचत बऱ्याचदा तिथेच संपते.

'लवकरच नवा मार्ग होणार' हे शून्य धरा. तो झाला तरी सगळा फायदा टिकत नाही. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली मांडले होते की वाहन बदलले तरी माणूस रोज सरासरी तासभरच प्रवासाला देतो. वेग वाढला की तो लांब राहायला जातो आणि नव्या रस्त्यावर पुन्हा गर्दी होते.

दोघे नोकरी करणारे असाल तर नकाशावर दोन्ही ऑफिसांच्या मधला बिंदू शोधू नका, तिथून दोघांनाही सोयीची गाडी मिळेलच असे नाही. दोन मार्ग मिळतात अशा जंक्शनजवळ बघा. नोकरी बदलली तरी तेच घर चालते. लहान मूल असेल तर भरदुपारी शाळेतून फोन आला तर किती वेळात पोहोचाल, हे वेगळे मोजा. दोघांपैकी एकाने तरी अर्ध्या तासाच्या अंतरावर असावे, असे आमचे मत.

शहरातले लहान घर पाहायला रात्री अकराला जा आणि खिडकी उघडून आवाज ऐका. उपनगरात मात्र किराणा, औषधे आणि डॉक्टर चालत गाठता येतात का ते बघा, नाहीतर सुट्टीच्या दिवशीही गाडी काढावी लागते.

यानंतरही ठरत नसेल तर विकत घेण्याआधी त्या भागात सहा महिने भाड्याने राहा, आणि त्यात पावसाळ्याचे किंवा थंडीचे सर्वांत वाईट महिने येतील असे बघा.