१५ मिनिटांत २० ग्रॅम प्रोटीनचा नाश्ता: गणित, तयारी आणि कृती

नाश्त्यातलं प्रोटीन वाढवायचं म्हटलं की बहुतेक जण आहे त्याच नाश्त्यावर काहीतरी पेरतात. ओट्सवर चार बदाम, ब्रेडवर चमचाभर पीनट बटर, कोशिंबिरीत मूठभर मोड आलेले मूग. खायला हे सगळं चांगलंच आहे, पण हिशेब केला तर हाती फारसं लागत नाही. चार बदामांचं वजन ५ ग्रॅमच्या आसपास आणि त्यात प्रोटीन जेमतेम १ ग्रॅम. मोठा चमचा भरून पीनट बटर घेतलं तर प्रोटीन ४ ग्रॅम आणि कॅलरी नव्वदच्या वर. त्यामुळे आधी एक मुख्य पदार्थ ठरवायचा, तो वजन करून घ्यायचा आणि निदान १२ ते १५ ग्रॅम प्रोटीन त्या एकट्यातून येईल असं बघायचं. उरलेलं सोबतच्या गोष्टींतून सहज भरून निघतं.

२० ग्रॅमच का? प्रौढ माणसासाठी दिवसाला दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम ही साधारण किमान शिफारस आहे, म्हणजे ६० किलो वजनाला ४८ ग्रॅम. व्यायाम करणाऱ्यांना आणि वय झालेल्यांना याहून जास्त लागतं. नाश्त्यात २० ग्रॅम झाले की उरलेल्या दोन जेवणांवर ताण येत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवायचा.

लक्षात ठेवायचे आकडे असे. मध्यम आकाराच्या एका अंड्यात ६ ग्रॅम, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त पांढऱ्यात आणि बाकीचं पिवळ्यात. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, साध्या दह्यात साडेतीन, कोरड्या मूगडाळीत २४, बेसनात २२, सोया ग्रॅन्युल्समध्ये ५० च्या वर, शेंगदाण्यांत २५, ओट्समध्ये १३. २०० मिली दुधात साडेसहा. टोफूचं (सोयाबीनच्या दुधाच्या पनीरचं) प्रमाण त्यातल्या पाण्यावर ठरतं आणि ते फार बदलतं, तेव्हा पाकीट वाचूनच घ्या.

इथे एक चूक हमखास होते. डाळीचा आकडा कोरड्या वजनाचा असतो आणि आपण खातो ती शिजलेली किंवा भिजलेली डाळ. भिजून डाळीचं वजन जवळजवळ दुप्पट होतं, प्रोटीन तेवढंच राहतं. मोड आलेल्या कडधान्याचंही तेच. मोड आणल्याने ते पचायला हलकं होतं, प्रोटीन वाढत नाही. त्यामुळे डाळ, बेसन, सोया, ओट्स हे सगळं कोरडं असतानाच वजनकाट्यावर ठेवा. वाटीचा अंदाज चालतो, पण निदान एकदा तरी आपली वाटी काट्यावर मोजून बघा.

मूगडाळीचं धिरडं, आत पनीर

दोघांसाठी १२० ग्रॅम सालं काढलेली मूगडाळ आणि ८० ग्रॅम पनीर. चार धिरडी होतात. माणशी दोन खाल्ली की साधारण २१ ग्रॅम प्रोटीन मिळतं.

रात्री डाळ तीन पाण्यांनी धुऊन, बुडून वर दोन बोटं पाणी राहील अशी भिजत घाला. हवा उबदार असेल तर भांडं फ्रिजमध्येच ठेवा, नाहीतर सकाळी डाळीला आंबूस वास आलेला असतो. सकाळी भिजवलेलं पाणी फेकून द्या, डाळ निथळू द्या. मग अर्धा इंच आलं, एक-दोन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा जिरं आणि मीठ घालून वाटा. पाणी ६० ते ८० मिलीच, तेही थोडं थोडं करून. सगळं पाणी एकदम ओतलं तर डाळीचे दाणे पात्यांपासून पळत राहतात आणि पीठ रवाळ राहतं. वाटल्यावर पळी उचलली की पीठ सलग, जाडसर धारेने पडलं पाहिजे. त्यात एक मोठा चमचा तांदळाचं पीठ घातलं तर कडा कुरकुरीत होतात. शिवाय डाळीत जे अमिनो आम्ल (प्रोटीन ज्यांचं बनतं त्यातला एक घटक) कमी असतं ते धान्यात असतं आणि धान्यात जे कमी ते डाळीत, म्हणून ही जोडी चांगली.

खरं कसब तव्यावर लागतं. तवा चांगला तापवा, पाण्याचे थेंब टाकले की ते नाचत उडायला हवेत. मग आच मंद करा, ओल्या फडक्याने तवा पुसा आणि लगेच पळीभर पीठ मधोमध घालून पळीच्या बुडाने हलक्या हाताने गोल पसरवा. हे पुसणं टाळू नका. फार तापलेल्या तव्यावर पीठ पडताक्षणी आवळतं आणि पसरवताना पळीबरोबर गोळा होऊन येतं. तवा थंड असेल तर उलटं होतं, पीठ नीट पसरतं पण खाली चिकटून बसतं. प्रत्येक धिरड्याआधी पुसायचं. पसरल्यावर आच मध्यम करा, कडेने अर्धा चमचा तेल सोडा, वर २० ग्रॅम किसलेलं पनीर भुरभुरा आणि झाकण ठेवा. दीड-दोन मिनिटांत वरचा ओला रंग जातो आणि कडा आपोआप सुटायला लागतात. कडा सुटल्याशिवाय उलथनं घालायचं नाही, बहुतेक धिरडी घाईनेच फाटतात.

कांदा, कोथिंबीर घालायची असेल तर ती पीठ तव्यावर घालायच्या वेळीच मिसळा. रात्री वाटून ठेवलेल्या पिठात कांदा घातला की त्याला पाणी सुटतं आणि सकाळी पीठ सैल झालेलं असतं. नुसतं वाटलेलं पीठ फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं.

डाळ भिजवायची राहिली तर बेसन आहेच. एका माणसाला ६० ग्रॅम बेसन आणि साधारण ११० मिली पाणी. आधी निम्म्या पाण्यात घट्ट कालवून गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी घाला आणि १० मिनिटं झाकून ठेवा. बेसन कच्चट लागतं ते दोनच कारणांनी, थर जाड पडला किंवा आच मोठी होती. यातून १३ ग्रॅम मिळतात, सोबत २०० मिली दूध घेतलं की काम झालं.

अंडी: भुर्जी आणि उकडलेली

दोन अंडी आणि ५० ग्रॅम पनीर मिळून २१ ग्रॅम. एक चमचा तेलात कांदा परता, टोमॅटो घालणार असाल तर त्याचं पाणी पूर्ण आटेपर्यंत थांबा, मग कुस्करलेलं पनीर अर्धा मिनिट गरम करा. आता आच मंद. फेटलेली अंडी ओता, दहा सेकंद हात लावू नका, मग कडेकडून आत ओढत राहा. तीन भाग घट्ट आणि एक भाग ओलसर दिसला की गॅस बंद करा, कढईच्या उष्णतेने उरलेलं शिजतं.

ताटलीत भुर्जीभोवती पाणी जमतं त्याचं कारण मोठी आच. अंड्यातलं प्रोटीन शिजताना जाळ्यासारखं विणलं जातं आणि त्यात पाणी धरलेलं असतं. उष्णता जास्त झाली की ते जाळं आवळतं आणि पाणी बाहेर पिळून निघतं. चवीला ती भुर्जी रबरासारखी लागते. प्रोटीन मात्र कुठे जात नाही. शिजवल्याने प्रोटीन मरतं हा समज खोटा आहे. उलट शिजलेल्या अंड्यातलं प्रोटीन शरीराला कच्च्यापेक्षा कितीतरी जास्त मिळतं, शिवाय कच्च्यात जंतूंचा धोका. कच्ची अंडी दुधात फेटून पिण्यात काहीही फायदा नाही.

उकडायची असतील तर पाणी आधी उकळू द्या आणि अंडी चमच्याने अलगद सोडा. ७ मिनिटांत मधला भाग मऊ राहतो, ११ मिनिटांत पूर्ण घट्ट होतो. काढल्या काढल्या गार पाण्यात ५ मिनिटं ठेवा. जास्त वेळ उकळत राहिलं तर पिवळ्याभोवती हिरवट-करडं कडं येतं. पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह एकत्र आल्याचं ते लक्षण, अंडं खराब नसतं. सालं पांढऱ्याचे लचके घेऊन निघत असतील तर अंडी फार ताजी आहेत, उकडण्यासाठी आठवडाभर जुनी घ्या. उकडलेली अंडी सालासकट फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात. सकाळी तीन सोलली की १८ ग्रॅम, यापेक्षा झटपट नाश्ता दुसरा नाही.

चक्क्याची वाटी

अर्धा किलो दही, चाळणीवर कापड टाकून त्यात ओता, खाली भांडं ठेवा आणि रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या. बाहेर टांगलं तर सकाळपर्यंत आंबट होतं. २०० ते २२० ग्रॅम चक्का मिळतो, त्यात प्रोटीन १५ ग्रॅमच्या आसपास. चक्का केल्याने प्रोटीन वाढत नाही, फक्त पाणी जाऊन तेच थोडक्यात बसतं. पण अर्धा किलो दही एका बैठकीत कोण खातं? फायदा तिथेच आहे. वर ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे जाडसर कुटून घाला, सात-साडेसात ग्रॅमची भर पडते. गोड हवं तर फळ, तिखट हवं तर जिरेपूड, मीठ आणि काकडी. काकडी खाताना घाला, आधी घातली तर चक्का पुन्हा पातळ होतो. खाली जमलेलं पाणी कणीक मळायला किंवा बेसन कालवायला वापरा.

रात्रभर भिजलेले ओट्स

ओट्सचं प्रोटीन जास्त असतं अशी समजूत आहे, पण ४० ग्रॅमच्या वाटीत ५ ग्रॅमच असतं. भार उचलतं ते दूध-दही. ४० ग्रॅम जाड ओट्स, २०० मिली दूध, १०० ग्रॅम चक्का, १५ ग्रॅम भोपळ्याच्या बिया आणि चिमूटभर मीठ बरणीत कालवून फ्रिजमध्ये ठेवा. एकूण २२ ग्रॅम. झटपट शिजणारे बारीक ओट्स घेऊ नका, सकाळी त्यांची खळ झालेली असते. प्रोटीन पावडर घालायची असेल तर सकाळी, चमचाभर गार दुधात पेस्ट करून मग मिसळा. गरम दुधात थेट टाकली की गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत.

सोया ग्रॅन्युल्स

३० ग्रॅममध्ये १५ ग्रॅम प्रोटीन. नाक मुरडायला लावतो तो वास, आणि तो घालवता येतो. उकळत्या मिठाच्या पाण्यात १० मिनिटं ठेवा, गाळून गार पाण्याने धुवा, घट्ट पिळा, पुन्हा धुऊन पुन्हा पिळा. हे रात्री करून डब्यात भरून ठेवता येतं. सकाळी कांदा, आलं-लसूण, हळद, तिखट परतून त्यात घाला आणि कोरडं होईपर्यंत ५-६ मिनिटं परता. नीट पिळले नसतील तर मसाला आत शिरत नाही, चव वरवरची राहते. शेवटी एक अंडं फोडून ढवळलं की २१ ग्रॅम. अंडं नको असेल तर ब्रेडच्या दोन स्लाइसबरोबर खा. पिळलेले ग्रॅन्युल्स एका वेळेला लागतील तेवढे वेगवेगळ्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवले तर महिनाभर टिकतात. ते न वितळवता थेट कढईत टाकायचे, फक्त दोन मिनिटं जास्त परतायचे.