गरम गाडी पुन्हा चालू होत नाही? दोष थंड होण्याआधी पकडा

सकाळी पहिल्या सेल्फला चालू होणारी गाडी. तासभर चालवून दहा-पंधरा मिनिटं उभी केली की सेल्फ नुसता फिरत राहतो, आणि आणखी अर्ध्या तासाने गाडी मुकाट चालू होते. ही तक्रार सांगितली की ठरलेली उत्तरं मिळतात: बॅटरी बदला, प्लग बदला, पंपावर ओलं फडकं ठेवा. अंदाजाने पार्ट बदलत बसण्याचा मला मनापासून राग आहे, कारण हा दोष सापडतो. फक्त तो गाडी गरम असतानाच शोधावा लागतो. थंड गाडी तपासून ‘सगळं ओके आहे’ म्हणणाऱ्याचं म्हणणं खरंच असतं, पण त्याचा उपयोग शून्य.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. इंजिन बंद केलं म्हणजे ते लगेच थंड व्हायला लागत नाही. कूलंटचं फिरणं थांबतं, वारा थांबतो, पण ब्लॉक आणि एक्झॉस्टमधली उष्णता बाहेर येतच राहते. त्यामुळे बोनेटखालचं तापमान सुरुवातीला उलट वाढतं. फ्युएल रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी), कार्ब्युरेटर, कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी), सेन्सर यांना सगळ्यात जास्त ताप याच वेळात लागतो. म्हणून बंद करून लगेच चालू केलेली गाडी चालू होते आणि चहा पिऊन आलात की होत नाही.

पहिलं काम: सेल्फचा आवाज ऐका. तो जड, रडत फिरत असेल तर इंधन आणि स्पार्कच्या मागे लागू नका. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज ९.६ च्या खाली जातो का बघा. जात असेल तर आधी बॅटरी तपासा. जात नसेल, तर सेल्फ फिरत असतानाच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून स्टार्टरपर्यंत (सेल्फच्या मोटरपर्यंत) ०.५ व्होल्टपेक्षा आणि अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप (वाटेत होणारी व्होल्टेजची घट) मिळाला तर केबल किंवा जोड खराब. केबलही ठीक असेल तर स्टार्टर उघडा. संपलं.

सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो पण गाडी पकडत नाही, तर पुढे वाचा. स्पार्क टेस्टर, मल्टिमीटर आणि स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) गाडीतच ठेवा. गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, बंद करा, नेहमी अडते तेवढा वेळ थांबा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या, नाहीतर तापलेला स्टार्टर हा दुसरा दोष होऊन बसेल.

आता खरी अवघड जागा. या टप्प्याने मला बराच काळ छळलं आहे, कारण इथे प्रत्येक चाचणी पुरावाच बदलून टाकते. चावी दोनदा ऑन-ऑफ केली की रेलमध्ये दाब भरतो. ॲक्सिलरेटर दाबून सेल्फ मारला की जादा पेट्रोल निघून जातं. दोन्ही एकदम केलं आणि गाडी चालू झाली, तर नेमकं कशाने झाली ते कधीच कळणार नाही. म्हणून गाडी चालू झाली की त्या वेळची तपासणी संपली. पुढच्या चाचणीसाठी पुन्हा गरम करा, पुन्हा थांबा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

ज्याने काहीच बदलत नाही ते आधी करा. सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) बघा. आकडा शून्यच राहिला तर संशय थेट क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर) किंवा त्याच्या वायरिंगवर. या सेन्सरच्या आतली वायर तापली की तुटते आणि थंड झाली की जुळते, आणि पुष्कळदा फॉल्ट कोडसुद्धा येत नाही. खात्री करायला फक्त त्या सेन्सरवर गार, ओलं फडकं धरा. लगेच आरपीएम दिसून गाडी चालू झाली तर चोर सापडला. पण बोनेट उघडून सगळीकडे पाणी ओतायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. तापलेल्या एक्झॉस्टला तडा जाऊ शकतो, आणि कुठला पार्ट थंड झाल्याने फरक पडला तेही कळत नाही. रेडिएटरच्या झाकणाला तर हातही लावू नका.

आरपीएम आहे, पण टेस्टरवर स्पार्क नाही: कॉइल किंवा इग्निशन मॉड्यूल. स्पार्क बघायला प्लगची वायर काढून हवेत धरू नका, कॉइल जाऊ शकते. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर वास जाईपर्यंत स्पार्कची चाचणीच नको.

स्पार्कही आहे, तर इंधन. इंजेक्शनची गाडी असेल तर चावी ऑन करा, पंपाचा घूं आवाज थांबू द्या, ऑफ करा. असं दोन-तीनदा करून ॲक्सिलरेटरला पाय न लावता सेल्फ मारा. झटकन चालू झाली तर बंद केल्यावर रेलमधला दाब उतरतोय आणि गरम रेलमध्ये पेट्रोलची वाफ होतेय. दोष असतो पंपाच्या चेक व्हॉल्व्हचा (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप), दाब राखणाऱ्या रेग्युलेटरचा, नाहीतर गळक्या इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणारा पार्ट). प्रेशर गेज लावून दाब किती लवकर उतरतो ते बघा आणि मगच पंपाला हात लावा.

याने फरक पडला नाही, तर पुढच्या फेरीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. बऱ्याच गाड्यांत यावेळी ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजेक्टर बंद ठेवतो. अडखळत, काळा धूर सोडत चालू झाली म्हणजे पेट्रोल जास्त झालं होतं. गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप), किंवा कूलंट टेम्परेचर सेन्सर. सेन्सर तपासणं सोपं: इंजिन गरम असताना स्कॅनर २० अंश दाखवत असेल तर ईसीयू थंड इंजिन समजून पेट्रोल ओततोय. डॅशबोर्डचा काटा बरोबर आहे यावर विसंबू नका, कित्येक गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा असतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीला गरम असताना चोक देऊ नका, पेडल पंप करू नका. थ्रॉटल पूर्ण उघडा धरून सेल्फ मारा. रोजच असं करावं लागत असेल तर फ्लोटची (आतली पेट्रोलची पातळी ठरवणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची आणि कार्ब्युरेटरखालचा, उष्णता अडवणारा इन्सुलेटर बघा.

कॉमन रेल डिझेलमध्ये (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या रेलमधून डिझेल मिळतं) सेल्फ मारताना रेलचा दाब वाचा. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या पाइपला) निघून जातं, दाब तयारच होत नाही. कुठल्या इंजेक्टरचं रिटर्न जास्त आहे ते बाटल्या लावून मोजा. हाय प्रेशरचा पाइप सैल करून बघायचा जुना प्रकार इथे करू नका, ती धार कातडीत घुसते.

दुचाकी असेल तर या सगळ्याच्या आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग, ज्यात थोडी गॅप ठेवावी लागते) तपासा. टाइट टॅपेटमुळे गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. गॅप मात्र इंजिन थंड असताना, मॅन्युअलमधल्या मापानेच लावा.