एकेरी तिकिटावर परदेशात जाताना पुढच्या प्रवासाचा पुरावा कसा तयार ठेवावा

परतीची तारीख ठरलेली नसेल तर एकेरी तिकीट काढणे स्वाभाविक आहे. मात्र प्रवासी मुदतीत देश सोडेल याचा पुरावा, म्हणजे परतीचे किंवा तिथून पुढे दुसऱ्या देशात जाण्याचे तिकीट, अनेक देश मागतात. ते नसल्याने प्रवाशाची अडवणूक होते ती बहुधा परक्या देशाच्या इमिग्रेशनच्या खिडकीपाशी नव्हे, तर निघण्याच्याच विमानतळावर, बॅगा वजनाला लावताना. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी त्याला घेऊन आलेल्या विमान कंपनीवर पडते आणि अनेक देश कंपनीला वर दंडही करतात. त्यामुळे चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी पुष्कळदा इमिग्रेशन अधिकाऱ्यापेक्षाही कडक असतो, आणि आपली तयारी मुख्यतः त्याचे समाधान करण्यासाठी असावी लागते.

हा कर्मचारी आठवणीवर विसंबून निर्णय घेत नाही. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ‘टिमॅटिक’ या प्रणालीत तो प्रवाशाचे नागरिकत्व, गंतव्य देश आणि मुक्कामाचा काळ भरतो आणि समोर येणारा नियम वाचतो. हीच माहिती कित्येक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर प्रवाशालाही पाहता येते; तिकीट काढण्यापूर्वी ती पाहावी आणि शब्द नीट वाचावेत. ‘परतीचे किंवा पुढचे तिकीट असणे आवश्यक आहे’ असे लिहिलेले असेल तर वादाला जागाच नाही. ‘असे तिकीट नसलेल्यांना प्रवेश नाकारला जाऊ शकतो’ असे असेल तर निर्णय समोरच्याच्या मर्जीवर असतो. माझ्या मते दुसरे वाक्यही पहिल्याइतकेच सक्तीचे मानावे. ‘मला तर कोणी काहीच विचारले नाही’ हा ओळखीच्यांचा अनुभव खरा असला तरी काउंटरवर त्याचा काही उपयोग नसतो.

नियमांचे बारकावे देशागणिक बदलतात. अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेखाली जाणाऱ्याकडे परतीचे किंवा पुढचे तिकीट लागते, आणि तो प्रवास कॅनडा, मेक्सिको किंवा कॅरिबियन बेटांवर संपणारा असेल तर तिथला रहिवासी नसलेल्याला ते चालत नाही. न्यूझीलंडला भेट देणाऱ्याने तिकीट दाखवावे किंवा ते विकत घेण्याइतके पैसे दाखवावेत, शिवाय मुक्कामाच्या दर महिन्यासाठी 1,000 न्यूझीलंड डॉलर, किंवा राहण्याचे पैसे आधीच भरलेले असल्यास 400, जवळ असल्याचे सिद्ध करावे, अशी अपेक्षा असते. ज्याच्याकडे त्या देशाचा रहिवासी परवाना आहे त्याला हा प्रश्न सहसा येत नाही. त्याने परवाना मात्र हातातल्या पिशवीत ठेवावा.

पुरावा ग्राह्य ठरण्यासाठी तिकिटावरचे नाव पासपोर्टाप्रमाणे असावे आणि निघण्याची तारीख परवानगीच्या मुदतीत बसावी. पोहोचण्याचा दिवस बहुतेक ठिकाणी पहिला दिवस धरला जातो, म्हणजे 30 दिवसांची मुभा असताना महिन्याने त्याच तारखेचे तिकीट काढले तर एखादा दिवस जास्त भरू शकतो. तिकीट ज्या देशाचे आहे तिथे प्रवेशाचा हक्कही हवा. तिथला व्हिसा लागत असेल आणि तो नसेल, तर त्या तिकिटाने काहीच सिद्ध होत नाही. आणखी एक खूण पाहून ठेवावी: सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे केवळ आरक्षण, तर ई-तिकिटावर तेरा अंकी तिकीट क्रमांक असतो. पैसे न भरता राखून ठेवलेल्या जागेला पीएनआर मिळतो, तिकीट क्रमांक मिळत नाही, आणि जाणकार कर्मचारी नेमके तेच तपासतो.

खरे तिकीट स्वस्तात मिळवण्याचे मार्ग आहेत. शेजारच्या देशाचे विमानाचे, बसचे किंवा बोटीचे साधे तिकीट पुष्कळदा पुरते. बस आणि बोट मात्र सगळ्याच विमान कंपन्या मानत नाहीत, म्हणून आधी लेखी विचारून घ्यावे. पूर्ण रिफंड मिळणारे तिकीट काढून प्रवेशानंतर रद्द करणे हा दुसरा मार्ग. त्यात ‘रिफंड’ म्हणजे पैसे खात्यावर परत की त्याच कंपनीचे क्रेडिट, हे अटींत वाचावे आणि उड्डाणाच्या वेळेआधी तिकीट रद्द करावे. विमान निघून गेल्यावर बऱ्याचदा हाती काही उरत नाही. हे तिकीट येण्याच्या तिकिटापासून वेगळे काढावे, म्हणजे एक रद्द करताना दुसऱ्याला धक्का लागत नाही. अमेरिकेत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांसाठी, उड्डाणाला निदान सात दिवस असताना कंपनीकडून थेट बुकिंग केल्यास, ते 24 तासांत विनाशुल्क रद्द करण्याची किंवा त्याच भाड्याने राखून ठेवण्याची सोय कंपनीला द्यावी लागते. पण प्रवास लांब असेल तर ही मुदत वाटेतच संपते. काही मार्गांवर दुहेरी तिकीट एकेरीपेक्षा स्वस्त पडते, तेही एकदा पाहावे. परतीचा भाग न वापरल्याने जाण्याच्या भागाला बाधा येत नाही.

थोड्या दिवसांपुरते आरक्षण भाड्याने देणाऱ्या सेवाही आहेत. पैसे देण्यापूर्वी ते आरक्षण किती तास टिकते आणि त्याला तिकीट क्रमांक मिळतो का, हे विचारावे. माझी पसंती तरीही खऱ्या तिकिटालाच आहे. संगणकावर बनवलेले खोटे तिकीट मात्र कधीही दाखवू नये. ते पकडले गेले तर प्रश्न तिकिटाचा राहत नाही, अधिकाऱ्याची फसवणूक केल्याचा होतो, आणि अमेरिकेसारख्या देशात त्यातून कायमची प्रवेशबंदी ओढवू शकते.

तिकिटाची छापील प्रत, पहिल्या मुक्कामाचा पत्ता आणि अलीकडचे बँक खात्याचे विवरण हाताशी ठेवावे, आणि ‘किती दिवस राहणार, पुढे कुठे जाणार’ या प्रश्नांची उत्तरे कागदांशी जुळती द्यावीत. काउंटरवर अडवले गेल्यास नियम पडद्यावर दाखवण्याची विनंती करावी आणि पर्यवेक्षकाला बोलवावे. तरीही नकार आला तर रांगेतून बाजूला होऊन फोनवरच रिफंड मिळणारे तिकीट काढावे. त्यासाठी चेक-इन बंद होण्यापूर्वी पुरेसा वेळ हातात असावा आणि कार्डावर परदेशी व्यवहार आधीच सुरू केलेले असावेत.